बोळातली हरकत

आयुष्यात काकूंनी कुणाला सरळ ‘नाही’ असं म्हटलंच नव्हतं. म्हटलं असेल ते ‘हरकत’ या शब्दाच्या पाठीवर बसवून. दूधवाला उशिरा आला, हरकत नाही. लेक म्हणाली, यंदा सुट्टीत यायला जमणार नाही, हरकत नाही. डॉक्टर काकांच्या खोलीतून बाहेर आले आणि चष्मा पुसत काहीतरी बोलले, तेव्हासुद्धा काकूंच्या तोंडून तेच निघालं होतं, आणि डॉक्टर क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिले होते. उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला पट्टा लावून बसलेल्या बाईची ती जीभ; ज्याची लाइन लागत नाही त्याला ती दुसरं सांगणार तरी काय? तर असे हे काकूंचे दोन शब्द, दारातल्या पायपुसण्यासारखे. कुणीही पाय ठेवावा आणि पुढे जावं. ते आज सकाळी, दुधाची पिशवी घेऊन परत येताना, शेजारच्या फाटकावर त्यांना छापील भेटले.

नोटीस नगररचना खात्याची होती. सदर घरमालकांनी राहत्या घराच्या बाजूस, दोन घरांमधल्या सामासिक अंतरात, जादा गॅरेज बांधण्याची परवानगी मागितली आहे. लगतच्या घराची तोंडी हरकत नाही. अन्य कोणाची असल्यास कळवावे. लगतचं घर म्हणजे आपणच, हे कळायला काकूंना ती पुन्हा वाचावी लागली. पिशवीचं गार पाणी पायाच्या बोटांवर ठिबकत होतं आणि त्यांना ते दुसऱ्याच कुणाच्या पायावर पडत असल्यासारखं वाटत होतं. कधी म्हटलं आपण? मग आठवलं. त्या कपडे वाळत घालत होत्या, तोंडात चिमटे होते, आणि कुंपणाच्या भिंतीपलीकडून शेजारचा स्टेपनी काहीतरी सांगत होता. ‘काकू, इकडच्या अंगाला जरा बांधावं म्हणतोय, चालेल ना?’ वाऱ्याने चादर तोंडावर आली होती. काय बांधतोय, दोरी बांधतोय की कुत्रं बांधतोय, काकूंनी विचारलंसुद्धा नाही. चिमट्यांच्या फटीतून ‘हक्कत आही’ असं काहीतरी निघालं, आणि त्या फटीतून निघालेल्या वाऱ्यावर आता एक आख्खं गॅरेज उभं राहणार होतं.

स्टेपनी हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. हा माणूस ड्रायव्हर; पण स्वतःची गाडी नाही. कुणाचा ड्रायव्हर आजारी पडला, कुणाच्या घरी लग्न निघालं, की त्या दिवसापुरता हा. शाळेच्या व्हॅनवाल्यांमध्ये कुणीतरी त्याला स्टेपनी म्हटलं आणि ते नाव चाकाला चिखल बसावा तसं बसलं. तोही हसून ओ द्यायचा. काकूंनी त्याला शेंबडा असल्यापासून पाहिलेला. त्याचे आप्पा गेल्यावर त्याने घराला रंग काढला, फाटक बसवलं, अंगणातल्या जुन्या गॅरेजात बायकोची शिवणाची यंत्रं बसवली, आणि या सगळ्यात काकूंची कधी हरकत असण्याचा प्रश्नच आला नाही. पण हे दुसरं गॅरेज बोळात होणार होतं.

काकूंनी दूध तापत ठेवलं आणि मागचं दार उघडलं. बोळ म्हणजे काय, दोन घरांच्या मधली एक चिंचोळी पट्टी, जेमतेम एक गाडी शिरेल एवढी. इकडून काकूंच्या स्वयंपाकघराची भिंत, तिकडून स्टेपनीच्या घराची. पायाशी शेवाळ, मोरीचा पाइप, एक फुटकी कुंडी, वर नाड्याएवढं आभाळ. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवावं असं तिथे काही नव्हतं. पण काका रोज सकाळी इथे, दाराच्या बाहेरच्या खिळ्याला आरसा अडकवून दाढी करायचे, आणि दाढी करता करता गायचे. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासण्याचं त्यांचं काम. दिवसभर सगळं गुळगुळीत करत बसायचं म्हणून की काय, गाण्यात त्यांना सरळ चालवायचं नाही. पद कायम एकच: ‘दार उघडे ठेवी देवा, मज होईल उशीर.’ कुणाकडून शिकले, कुणास ठाऊक. निम्म्या गालाला फेस, हातात वस्तरा, आणि मध्येच गाणं थांबवून आतल्या बायकोला निरूपण: ‘ऐकतेस का? हा भक्त उशीर होईल म्हणतो, येणार नाही म्हणत नाही. आळशी आहे, पण लबाड नाही. देवाला असली माणसं चालतात.’ मग पुन्हा वस्तरा गालावर, पुन्हा पद, आणि ‘उशीर’पाशी आले की ती हरकत. गाण्यात हरकत म्हणतात ती, आवाजाची लहानशी गिरकी. ‘शी’वर सूर रेंगाळायचा, मग जिना उतरताना एक पायरी चुकावी आणि त्या चुकण्यातच तोल सापडावा, तसा वळून ‘र’वर टेकायचा. आणि तो ‘र’ बोळ ठेवून घ्यायचा. दोन भिंतींमध्ये तो थोडा वेळ राहायचा आणि मग नाड्याएवढ्या आभाळात निघून जायचा.

काकूही गायच्या; म्हणजे त्यांच्या मागून म्हणायच्या, भाकरी सरळ तव्यावर टाकावी तसं सरळ. काका हसायचे. ‘अगं, तुझ्या गाण्यातही हरकत नाही आणि जगण्यातही हरकत नाही.’ हा विनोद त्यांनी इतक्या वेळा केला होता की तो विनोद राहिलाच नव्हता, घरातलं एक भांडं झाला होता. काकूंनी एकदा चिडून विचारलंही होतं, की सरळ म्हटलेलं देवाला पोचत नाही का? काका तोंड धूत होते. ओल्या चेहऱ्याने म्हणाले, ‘पोचतं ना. पण तो सरळ रस्त्यावर भेटत नाही बघ. वळणावर उभा असतो.’ आणि टॉवेलमध्ये तोंड घालून पुढचं बोलले ते काकूंना ऐकूच आलं नाही. पुढे कधीतरी विचारू म्हणून राहिलं. टॉवेलमध्ये बोललेलं ते एक वाक्य काकूंनी आता किती वर्षं शोधलं असेल.

काका गेल्यापासून काकू गायल्या नव्हत्या. पण रोज दूध तापेपर्यंत मागचं दार उघडून बोळात उभ्या राहत. काय करतेस म्हणून कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एक्स्चेंजमध्ये त्यांनी एक गोष्ट पाहिली होती: दोन माणसं बोलून फोन ठेवतात, लाइन तुटते, पण कान लावला तर तारेत थोडा वेळ काहीतरी असतं. बोलणं नव्हे, बोलणं होऊन गेल्याची ऊब. नव्या मुली म्हणायच्या, बाई, तो करंटचा आवाज. असेल. काकू वाद घालत नसत. बोळातही तसंच काहीतरी होतं, आणि ते त्या रोज तपासून येत, गॅस बंद केलाय का बघावा तसं. आता तिथे काँक्रीट भरलं की ते कुठे जाईल? आवाज गेला म्हणजे जातो कुठे, हे जिथे माणसालाच कळत नाही, तिथे नगररचना खात्याला काय कळणार? दूध उतू गेलं. काकूंना वास आला, पण त्या हलल्या नाहीत.

दुपारी कॉलनीचे सेक्रेटरी आले. हे निवृत्त झाल्यापासून कॉलनीचं भलं करण्यावर होते. कुणाच्या घराला कुठे भेग पडली ते घरवाल्याआधी यांना ठाऊक. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विषय काढला.

‘काकू, तुम्ही हरकत नाही म्हणालात?’

‘चिमटे होते हो तोंडात.’

‘कायद्याला चिमटे कळत नाहीत. सामासिक अंतरात बांधायचं तर लगतच्या माणसाचं चालतं, आमचं कोण ऐकतो? तुम्ही जाऊन सांगा, हरकत आहे म्हणून. आज गॅरेज, उद्या वर्कशॉप, परवा ठोकाठोक. आणि काही झालं तरी तो पडला ड्रायव्हर.’

‘त्याच्या गाडीतून तुम्ही मागच्या महिन्यात दवाखान्यात गेला होतात ना?’

‘गेलो होतो. चांगला चालवतो. पण इथे मुद्दा तत्त्वाचा आहे.’

तत्त्वाचा मुद्दा चहा पिऊन गेला. काकूंच्या कानात मात्र एकच शब्द राहिला: सामासिक. शाळेत शिकलेला. दोन शब्द जवळ येतात, मधले प्रत्यय गळून पडतात, आणि एक शब्द होतो, तो सामासिक. आणि इथे दोन घरांमध्ये जे सोडायचं, जे मोकळं ठेवायचं, त्यालाही सामासिक म्हणतात. म्हणजे जोडणाराही तोच शब्द आणि लांब ठेवणाराही तोच. कुणी ठेवली असतील ही नावं, कुठल्या टेबलाशी बसून? काकू कपबशा विसळत राहिल्या. हात पाण्यात होते, आणि पाणी कधीच गार झालं होतं. सेक्रेटरींचं ऐकून जायचं नाही असं त्यांनी ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं ऐकून गेल्या.

ऑफिसात खिडकीमागे एक कारकून होता. त्याने मान वर केली नाही. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य उच्चारलं, ‘माझी हरकत आहे.’ त्यांना वाटलं, आता सगळी रांग आपल्याकडे बघेल. कुणीही बघितलं नाही.

‘कशाबद्दल?’ कारकुनाने विचारलं. ‘उजेड, वारा, सांडपाणी, वास, आवाज?’

काकू खिडकीशी वाकल्या. या माणसाला कसं कळलं? सगळ्यांत शेवटी, पण नाव तर त्याने बरोबर घेतलं होतं.

‘आवाज,’ त्या म्हणाल्या.

‘आवाजाचा त्रास,’ तो लिहिता लिहिता बोलला.

‘त्रास नाही हो...’

‘बाई, मागे रांग आहे. जागेवर पाहणीला येतील तेव्हा सांगा काय ते.’

‘हरकत नाही.’

आता मात्र कारकुनाने मान वर केली. ‘आहे की नाही? नीट ठरवा.’

रस्त्याने परत येताना काकूंना कळलं की काय झालंय. आवाज म्हणजे गळ्यातला आवाज, आणि आवाज म्हणजे कानाला होणारा जाचही. एकाच शब्दाला दोन दारं, आणि कारकून मागच्या दाराने आत शिरला होता. त्याचा काय दोष? तिथे दिवसभर येणाऱ्या माणसांचा आवाज म्हणजे जाचच असणार. आपण तिथे एका मेलेल्या माणसाचा गळा घेऊन गेलो आणि त्यांनी तो गोंगाटात जमा केला. त्यांना हसू आलं, आणि हसता हसता त्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. समोरून बस गेली, दुचाकी गेल्या, कुणीतरी कुणाला हाक मारली, शटर पडलं. एवढा हा सगळा आवाज, आणि प्रत्येकामागे कुणीतरी एक. देव हे सगळं एकदम ऐकतो, असं काका म्हणायचे. वेगळं वेगळं आणि एकदम. काकूंना कधी ते नीट समजलं नव्हतं. आता त्या पायरीवर, बुडाला फरशीचा गारवा लागत असताना, क्षणभर वाटलं की समजतंय. आणि वाटलं म्हणेपर्यंत निसटलं.

बातमी त्यांच्याआधी घरी पोचली होती. दिवेलागणीला स्टेपनी फाटकाशी आला. आत ये म्हटलं तरी येईना. हातातल्या किल्ल्यांचा जुडगा वाजू नये म्हणून मुठीत घट्ट धरलेला, ते काकूंनी पाहिलं.

‘काकू, आवाज?’ तो म्हणाला. ‘व्हॅन अजून घरी आली नाही आणि तिचा आवाज ऑफिसात पोचला?’

‘अरे, तसं नाही...’

‘मी भांडायला नाही आलो. तुम्ही नको म्हणालात तर नको. फक्त विचारायला आलो, माझा कसला आवाज होतो? मी कॉलनीत हॉर्नसुद्धा देत नाही. मांजर आडवं आलं तर उतरून बाजूला करतो.’

‘ठाऊक आहे मला.’

‘स्वतःची व्हॅन घेतोय. शाळेच्या गाडीचं परमिट हवं तर रात्री ठेवायला स्वतःची बंद जागा दाखवावी लागते. जुन्यात हिची मशिनं आहेत. पुढे जागा नाही, मागे विहीर. म्हणून बोळ.’ मग खाली बघत म्हणाला, ‘दुसऱ्याची गाडी चालवताना काय होतं माहितीये? आरसा. रोज बसायचं आणि दुसऱ्याच्या उंचीला लावलेल्या आरशात बघायचं. आपल्यापुरता वळवायचा, उतरताना पुन्हा त्याच्यासारखा करून ठेवायचा. वीस वर्षं मागचा रस्ता दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघतोय.’

काकूंनी तोंड उघडलं. आवाज म्हणजे तुझ्या काकांचा आवाज रे, एवढंच सांगायचं होतं. पण सांगितलं तर खुळी म्हणेल. नाही सांगितलं तर दुष्ट. किती सोपं वाक्य, आणि त्याला बाहेर यायला चिमट्याएवढीही फट मिळेना. स्टेपनी ‘बरं, काकू,’ म्हणाला आणि गेला. घरात शिरेपर्यंत त्याने किल्ल्या मुठीतच ठेवल्या होत्या.

पाहणीच्या दिवसापर्यंत काकू बोळात गेल्या नाहीत. दूध पुन्हा एकदाही उतू गेलं नाही, इतकं लक्ष त्यांनी त्याच्याकडे ठेवलं. जे वाचवायला निघालो त्याचीच भीती वाटावी, असं काहीतरी झालं होतं. समजा दार उघडलं आणि तिथे काहीच नसलं तर? शेवाळ, पाइप, कुंडी, बस. मग एका माणसाचा आरसा आपण कशासाठी अडवून धरला?

पाहणीला आल्या त्या मोजणीच्या बाई तरुण होत्या, पायात बूट, खांद्याला पिशवी, हातात टेप. बोलणं कमी. टेपचं एक टोक स्टेपनीने धरलं, दुसरं त्यांनी, आणि बोळाची रुंदी त्या दोघांच्या मध्ये ताणून उभी राहिली. सेक्रेटरी तत्त्वासाठी हजर होते. काकू मागच्या दाराच्या उंबऱ्यावर होत्या, खिळ्याच्या खाली. खिळा अजून होता.

‘अंतर नियमापेक्षा कमी उरतंय,’ मोजणीच्या बाई म्हणाल्या. ‘शेजाऱ्यांची हरकत नसेल तर सूट देता येते. असेल तर देता येत नाही. इथे आधी हरकत नाही लिहिलंय, मग आवाजाचा त्रास लिहिलंय. कसला आवाज, काकू?’

‘गाडी तर अजून दुकानातच आहे,’ स्टेपनी भिंतीकडे बघत म्हणाला.

‘मग आवाज कुठला?’

सगळे काकूंकडे बघत होते. सेक्रेटरींनी भुवया उंचावून धीर दिला. काकूंना वाटलं, आता एकच उपाय आहे, आणि तो खुळेपणाचा आहे. हरकत नाही. त्यांनी पदर सारखा केला, जणू कुणी थोर माणूस समोर येणार आहे, आणि उंबरा उतरून बोळात दोन भिंतींच्या मध्ये उभ्या राहिल्या.

‘ऐकवते,’ म्हणाल्या.

गळा गंजला होता. पहिला शब्द निम्मा हवेचाच निघाला. दार... उघडे ठेवी देवा. त्या नेहमीसारख्या सरळ म्हणत होत्या, तव्यावर भाकरी टाकल्यासारख्या. हरकत घ्यायची त्यांची छाती नव्हती. मज होईल... उशीर. सरळ आल्या, सरळ टेकल्या, थांबल्या. आणि बोळाने तो शब्द परत दिला. वळवून. ‘शी’पाशी रेंगाळून, एक पायरी चुकून, ‘र’वर उतरून.

काकूंच्या टाळूपासून टाचेपर्यंत काहीतरी सरसरत गेलं. त्यांनी हे केलं नव्हतं. त्यांना ते येतच नव्हतं. त्यांनी पुन्हा म्हटलं, आणखी सरळ, मुद्दाम, शाळेत पाढा म्हणावा तसं. पुन्हा भिंत वळली. आता त्यांनी पाहिलं: स्टेपनीच्या भिंतीला मध्येच एक फुगवटा होता, आतल्या कपाटाचा, सूर त्याच्यावर आपटून तिरका होऊन इकडच्या भिंतीवर येत होता, आणि मग एका सुराचे दोन होऊन, मागेपुढे, एकमेकांचा हात धरून वर जात होते. रोज सकाळी, निम्म्या गालाला फेस लावून, ज्या वळणाचा काका दिमाख मिरवायचे ते वळण इथे होतं. त्यांनी बोळाकडून घेतलं, की बोळाने त्यांच्याकडून? आधी कोण वळलं? काकूंना ते सांगता येईना, आणि नवल म्हणजे ते सांगता येण्याची गरजही वाटेना. एवढा संसार केला त्या माणसाबरोबर, आणि त्याच्या गळ्यातली अर्धी गोष्ट शेजाऱ्याच्या भिंतीत होती. वळणावर उभा असतो, म्हणाले होते. म्हणजे हेच सांगत होते का टॉवेलमधून? त्यांना भिंतीला हात लावावासा वाटला, पण लावला नाही. काही गोष्टींना हात लावायच्या आधी पाय धुवावेत असं वाटतं.

टेप सैल होऊन खाली शेवाळावर पडली होती. मग स्टेपनी खाकरला.

‘असंच यायचं,’ तो हळू म्हणाला. ‘पण आमच्या बाजूने जरा वेगळं.’

‘तुमच्या बाजूने?’ काकूंनी विचारलं.

‘त्या कपाटाशीच आप्पांची खाट होती ना. शेवटी उठता येत नव्हतं त्यांना. सकाळी डोळे उघडले की विचारायचे, आलं का? गाणं आलं का? गाणं आलं की मग चहा. नाही आलं, म्हणजे काका गावाला गेलेत; त्या दिवशी चहा नको म्हणायचे.’ तो हसला, पण चेहरा वेगळाच झाला होता. ‘त्याच्या कितीतरी आधी, लहान असताना, मला वाटायचं भिंतच गाते. सगळ्यांच्याच घरी भिंती गात असतील. शाळेत सांगितलं तर पोरं किती हसली. चौथीपर्यंत मी मित्रांच्या घरी गेलो की भिंतीला कान लावायचो.’

‘तू कधी बोलला नाहीस.’

‘तुम्ही तरी कुठे बोललात?’

आणि मग त्याने, कुणी न सांगता, म्हणून दाखवलं. ड्रायव्हरचा आवाज, धुराने खरखरीत झालेला. शब्द निम्मे चुकीचे, ‘दार उघडे ठेवी’चं ‘दार उघड रे भावा’ झालेलं, भिंतीतून ऐकलेले ना ते. पण ‘उशीर’ आला, आणि त्याचा गळा वळला. असा वळला की काकूंनी दाराची चौकट धरली. पायरी चुकली, तोल सापडला. आणि शेवटी, ‘र’च्याही पुढे, एक केसाएवढी लहर होती जी काकूंनी कधी ऐकली नव्हती, ती भिंतीच्या पलीकडेच पोचत असणार, आप्पांच्या खाटेपाशी. इतकी वर्षं निम्मी हरकत त्यांच्याकडे होती आणि निम्मी शेजारी.

‘गाडीत म्हणतो मी,’ स्टेपनी ओशाळून म्हणाला. ‘पोरांना पाठ झालंय. ज्याची व्हॅन असेल त्या व्हॅनमधली पोरं. सिग्नलला थांबलो की सगळी मिळून उशीर करतात. मास्तरीण म्हणाली, कसलं गाणं हे, गाडीला उशीर होईल म्हणणारं.’

काकूंच्या डोळ्यांसमोर ते उभं राहिलं: हा कुठकुठच्या गाड्या चालवत कुठकुठच्या रस्त्यांनी जातोय, आणि काकांनी कधी न पाहिलेल्या वस्त्यांमधून, कधी न पाहिलेल्या पोरांच्या तोंडून ती गिरकी जातेय. कुणाची आहे हे कुणाला ठाऊक नाही. आणि आपण इथे दूध तापेपर्यंत राखण करत बसलो होतो, पिंजऱ्याची. पाखरू कधीचंच सगळ्या गावभर.

मोजणीच्या बाईंनी टेप गुंडाळली. त्यांचाही आवाज आता जरा जपून येत होता. ‘काकू, मला लिहावं तर लागेल. हरकत आहे, की नाही?’

‘आहे,’ काकू म्हणाल्या. त्या अजून भिंतीकडेच बघत होत्या. ‘आहे. अहो, हरकत आहे इथे.’

सेक्रेटरींनी समाधानाने मान हलवली. स्टेपनीने टेपचं टोक सोडलं होतंच. आता हातही खाली सोडले. ‘बरं, काकू,’ तो म्हणाला, त्या दिवशीसारखंच. ते ‘बरं’ ऐकून काकू भानावर आल्या, मागे वळल्या, त्याचा चेहरा पाहिला, आणि एकदम हसू लागल्या. अशा हसल्या की त्यांना पाइपाचा आधार घ्यावा लागला.

‘गॅरेजला नाही रे, बाळा. गाण्यात. गाण्यात हरकत आहे. गॅरेज बांध तू.’

‘म्हणजे लिहू काय?’ मोजणीच्या बाईंनी विचारलं.

‘लिहा, चिमटे न लावता सांगितलं म्हणून.’

‘तत्त्वाचं काय?’ सेक्रेटरी म्हणाले.

‘त्याला गाडीत पुढे बसवू,’ काकू म्हणाल्या.

बांधकाम सुरू झालं. सोपं गेलं असं कुणी समजू नये. एकेक थर चढत होता आणि काकू रोज सकाळी दाराशी जाऊन एकदा ‘उशीर’ म्हणत होत्या, सरळ. बोळ रोज थोडं कमी परत देत होता. आधी रेंगाळणं गेलं, मग पायरी चुकणं. गवंडी हातातली थापी थांबवून ऐकायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. छत पडलं त्या सकाळी काकूंनी म्हटलं आणि काहीच आलं नाही. शब्द तोंडातून निघाला आणि तिथेच, ओल्या सिमेंटच्या वासात, राहिला. काकू बराच वेळ उभ्या होत्या. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. फोन ठेवल्यावर तारेत राहणारी ऊबसुद्धा शेवटी निवते. पण बोलणं ज्याला पोचायचं त्याला पोचलेलं असतं, हे एक्स्चेंजमधल्या बाईला कुणी सांगायला नको. त्या आत आल्या आणि दूध उतरवलं.

मग व्हॅन आली. पहिल्या दिवशी स्टेपनी तिच्यात बसला आणि सगळ्यांत आधी त्याने आरसा लावला. काकू पुढच्या खिडकीत होत्या. लावून झाल्यावर त्याने त्या आरशातूनच त्यांच्याकडे पाहिलं. गाडी कोपऱ्यावर गेली, तिथली मुलं चढली, आणि वळून परत खिडकीवरून जायला लागली तेव्हा काचा खाली होत्या. आतून तेच येत होतं. दार उघड रे भावा, शब्दांचा पार भुगा, सात-आठ गळे, एकही सुरात नाही. ‘उशीर’ आला. सगळी वळली. आणि त्यांतलं एक कुणीतरी, मुलगा की मुलगी तेही कळलं नाही, वळणावरून पुढेच गेलं. काकांनी कधी घेतली नव्हती, भिंतीने कधी दिली नव्हती, अशी एक भलतीच गिरकी त्याने घेतली, घेता घेता हसलं, आणि तरी बरोबर ‘र’वर येऊन टेकलं. व्हॅन निघून गेली. रस्ता रिकामा झाला, पण पुरता रिकामा नाही. काकूंनी खिडकीचा गज धरला होता. सवयीने ओठ हलले.

‘हरकत...’ त्या म्हणाल्या, आणि पुढचा शब्द त्यांना आठवेचना.